मासा मंदावतो तेव्हा आणि मासा सरतो तेव्हा

पौष-माघाच्या दिवसांत धार-देवासकडे पहाटे कधी कधी इतकी थंडी पडते की हरभऱ्याच्या पानांवरचे दव गोठून पांढरे दिसू लागते. इकडचे शेतकरी त्याला पाला म्हणतात. याच दिवसांत माळव्याचे पठार उतरून नर्मदेच्या काठी गेले, तर गळ टाकून बसलेल्या माणसाची टोपली बहुधा रिकामी आढळते. त्याला विचारले असता तो थंडीकडे बोट दाखवतो आणि ऊन तापू लागले की मासा पुन्हा लागेल, असे सांगतो. त्याचे हे म्हणणे शास्त्राला धरून आहे. परंतु त्याच काठावरचा एखादा वृद्ध केवट किंवा कहार वेगळीच गोष्ट सांगतो. त्याच्या तरुणपणी जो मासा जाळ्यात सहज येत असे, तो आता उन्हाळ्यातही येत नाही आणि पावसाळ्यातही येत नाही. रिकामी टोपली दोघांची सारखीच दिसते. मात्र तिची कारणे एक नव्हेत. पहिल्याचा मासा मंदावला आहे, दुसऱ्याचा मासा सरला आहे. या दोहोंतील फरक विद्यार्थ्यांस कळावा, म्हणून हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मंदावणे म्हणजे काय, हे नीट पाहावयाचे असेल तर प्रथम जेथे नदीच गोठते अशा देशात गेले पाहिजे. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले-नातवंडे कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहतात, त्यांनी तेथील हिवाळी मासेमारीची छायाचित्रे पाहिली असतील. नदीवर बर्फाची जाड लादी धरलेली असते. माणसे तिच्यावर चालत जातात, हातभर लांबीच्या किंवा यंत्राच्या गिरमिटाने बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडतात आणि त्यात बारीक दोरी सोडून तासन् तास बसून राहतात. वारा अंगाला लागू नये म्हणून कोणी कापडाचे तंबू ठोकतो, कोणी लाकडी खोपटे ओढून आणतो आणि आत शेगडी पेटवितो. बर्फावर शेगडी, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. पण एक-दोन फूट जाडीच्या बर्फाला लहानशा शेगडीने काही होत नाही.

वर बर्फ आणि खाली जिवंत मासा, हे शक्य होते ते पाण्याच्या एका विलक्षण गुणामुळे. बहुतेक पदार्थ थंड होतील तसतसे आकसतात व जड होतात. पाणीही तसेच वागते, पण केवळ ४ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याहून थंड झाले की ते पुन्हा फुगू लागते, आणि बर्फ झाल्यावर तर ते आपल्याच पाण्यापेक्षा सुमारे नऊ टक्के हलके होते. म्हणून बर्फ तळाशी न जाता वर तरंगतो व खालच्या पाण्यावर पांघरुणासारखा पसरतो. संथ तळ्यात ४ अंशांचे जड पाणी तळाला बसते आणि मासे तेथे हिवाळा काढतात. हा गुण पाण्याच्या अंगी नसता, तर थंड देशांतील तळी तळापासून गोठत आली असती आणि त्यांत मासा उरलाच नसता.

नदीची गोष्ट मात्र तळ्याहून निराळी आहे. वाहते पाणी सतत ढवळले जात असल्यामुळे तेथे ऊबदार तळ व थंड पृष्ठ असा भेद राहत नाही. बर्फाखालचे सारे पाणी शून्य अंशाच्या जवळपास येते. मग माशाने जावे कोठे? अधिक ऊब त्याला कोठेच मिळावयाची नसते, म्हणून तो निदान विश्रांती शोधतो. जेथे पाणी खोल आहे, जेथे प्रवाहाचा जोर लागत नाही, अशा डोहात तो उतरतो आणि तळाशी जवळजवळ स्थिर राहतो. नदीच्या मैल-मैल लांबीच्या पात्रात जो मासा एरवी विखुरलेला असतो, तो हिवाळ्यात मोजक्या डोहांत गोळा होतो. गर्दीचे बीज येथेच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मासा हा थंड रक्ताचा प्राणी आहे. आपल्या शरीराची ऊब आपण अन्न जाळून राखतो. माशाचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच थंड वा उष्ण होते. पाण्याचे तापमान दहा अंशांनी उतरले की त्याच्या शरीरातील बहुतेक व्यापारांचा वेग साधारणपणे निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. हृदय सावकाश चालते, अन्न पचावयास उन्हाळ्यातल्यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो आणि अर्थात भूकही क्वचित लागते. असा मासा आमिषामागे धावत नाही. धावण्यात जितकी शक्ती खर्च होईल तितकी त्या घासातून मिळणार नाही, असा जणू हिशेबच त्याच्या देहात मांडलेला असतो. आमिष अगदी तोंडाशी आले आणि हलकेच हलत राहिले, तरच तो ते ओठांनी चाचपतो. म्हणून बर्फावरचा जाणता मच्छीमार उन्हाळ्यातील मोठे आमिष बाजूस ठेवतो, अगदी लहान गळ व केसासारखी बारीक दोरी वापरतो, आणि गळ अर्धा इंच वर, अर्धा इंच खाली असा हलवून मग बराच वेळ स्तब्ध राहतो. माशाने घेतलेला घास हाताला झटक्यासारखा लागत नाही. दोरी किंचित जड झाल्यासारखी वाटते, एवढेच. पुष्कळदा नवख्याला मासा लागून सुटून गेला तरी पत्ता नसतो.

आता अशा ठिकाणी माणसांची गर्दी झाली म्हणजे काय होते ते पाहू. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात विनिपेग शहराच्या उत्तरेस रेड नदीवर लॉकपोर्ट व सेल्कर्क ही गावे आहेत. शरद ऋतूत विनिपेग सरोवरातून वॉलआय नावाचा मोठ्या काचेरी डोळ्यांचा मासा या नदीत चढून येतो. लॉकपोर्ट येथे १९१० साली पुरा झालेला सेंट अँड्र्यूज बंधारा त्याची वाट अडवितो, आणि त्यामुळे बंधाऱ्याखालच्या भागात मासा गोळा होतो. नदी गोठली की मोठ्या शहरातून तासाभराच्या आत पोहोचता येणाऱ्या या भागात खोपट्यांची वसाहतच उभी राहते. मासा डोहात, म्हणून माणसेही डोहावर. एकाला मासा लागला असे दिसले की दहाजण त्याच्याभोवती येऊन भोके पाडू लागतात.

आणि नेमका येथेच मंद मासा अधिकच मंद होतो. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेषा असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातील अत्यंत सूक्ष्म कंपने तिच्या योगे त्याला कळतात. आवाज हवेपेक्षा पाण्यातून चौपटीहून अधिक वेगाने जातो. बर्फावरील पावलांचे करकरणे, गिरमिटाची घरघर, मोटारीची धडधड, हे सारे खालच्या उथळ पाण्यात स्पष्ट पोहोचते. उन्हाळ्यात असा मासा दूर पळाला असता. हिवाळ्यात पळण्याचीही त्याला उमेद नसते, तो केवळ तोंड मिटून तळाशी चिकटतो. वर बसलेल्या शंभर जणांपैकी प्रत्येकाला वाटते की शेजाऱ्याच्या भोकाखाली मासा असेल. म्हणून तो उठतो, नवे भोक पाडतो, आणि आवाजात आणखी भर घालतो. कामगिरी थोडी आणि खटाटोप फार, असे आमचे या प्रकाराविषयी मत आहे. पण ज्या देशात सहा-सहा महिने जमीन बर्फाखाली असते, तेथील माणसांना घराबाहेर पडण्यास काहीतरी निमित्त हवे असते, हेही खरे.

या गर्दीला तेथे नियमांनी बांधले आहे. एका परवान्यावर किती मासे ठेवता येतील याला मर्यादा आहे. मॅनिटोबात गळाला उलटा काटा असता कामा नये, म्हणजे नको असलेला मासा फारशी इजा न होता सोडून देता येतो. वसंत ऋतू लागण्यापूर्वी ठराविक तारखेच्या आत खोपटी उचलावी लागतात, नाहीतर ती नदीत बुडून घाण करतात. बर्फाच्या जाडीविषयीही लोक दक्ष असतात. स्वच्छ, टणक असा चार-पाच इंच बर्फ पायी चालणाऱ्या माणसाला पेलतो, असे उत्तर अमेरिकेत सर्वसाधारणपणे मानतात. परंतु नदीवरचा बर्फ तळ्याच्या बर्फाइतका भरवशाचा नसतो, कारण प्रवाह त्याला खालून कोरीत असतो आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

गर्दी सर्वत्र सारख्याच कारणाने होते असे मात्र नाही. क्वेबेक प्रांतात सेंट-ऍन नावाची नदी सेंट लॉरेन्सला मिळते. तेथे ऐन हिवाळ्यात एक लहानसा मासा अंडी घालण्यासाठी समुद्राकडून वर चढतो. १९३८ पासून तेथे बर्फावर खोपट्यांचे गावच वसते व त्याला रस्ते आणि दिवेही असतात. या माशाचा ऋतूच हिवाळा असल्यामुळे तो मंदावत नाही. दक्षिण कोरियातील ह्वाचॉन येथे २००३ पासून भरणारी बर्फावरील मासेमारीची जत्रा तर आणखी वेगळी आहे. काही आठवड्यांत तेथे दहा लाखांच्या वर माणसे येऊन गेल्याची वर्षे आहेत. एवढ्यांना पुरेल इतका मासा कोणत्याही लहान नदीत असणे शक्य नाही. तो मत्स्यशेतीत वाढवून नदीत सोडला जातो. तेथे नदी नावालाच आहे, वास्तविक तो एक मोठा हौद होय. २०२० साली थंडी पुरेशी पडली नाही व पाऊस झाला, तेव्हा बर्फ धरेना म्हणून ती जत्रा पुढे ढकलावी लागली होती.

असो. या दूरदेशीच्या नद्या पाहण्याचे कारण एवढेच की, थंडीने मंदावलेला मासा नष्ट झालेला नसतो, हे तेथे स्वच्छ दिसते. वसंतात पाणी तापले की रेड नदीचा वॉलआय पुन्हा हलू लागतो, अंडी घालतो व वाढतो. थांबणे हाच तेथील उपाय आहे. आता आपण आपल्या नदीकडे वळू.

नर्मदा गोठत नाही, हे सांगावयास नको. अमरकंटकापासून खंबायतच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटरच्या तिच्या वाटेवर देवास जिल्ह्याची दक्षिण सीमा लागते, नेमावरचे सिद्धनाथाचे मंदिर लागते. पुढे धार जिल्ह्यात आग्रा-मुंबई रस्त्यावरील खलघाटचा पूल, धरमपुरी आणि कुक्षीकडचा काठ लागतो. अठराव्या शतकात पवारांबरोबर धार व देवास येथे स्थिरावलेल्या मराठी घरांना नर्मदा ठाऊक आहे ती स्नानाची, परिक्रमेची आणि ओंकारेश्वराच्या दर्शनाची नदी म्हणून. तिच्यातील माशांचा विचार करण्याचे काम आपण काठावरच्या केवट-कहारांवर सोपविले, आणि हे काही आपल्याला फारसे भूषणावह नाही.

थंडीत नर्मदेचे पाणीही थंड होते आणि मासा काहीसा मंदावतो. रेड नदीवर जो डोहाचा खेळ हिवाळ्यात दिसतो, तो नर्मदेवर मात्र उन्हाळ्यात दिसतो, आणि तो अधिक घातक आहे. चैत्र-वैशाखात पाणी ओसरते, उपनद्यांची धार तुटते आणि मासा उरलेल्या डोहांत एकवटतो. येथे एक साधा हिशेब पाहावा. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. बर्फाखालच्या माशाला प्राणवायूची गरज थोडी असते आणि तो मिळतो पुष्कळ. उन्हाळी डोहातील माशाच्या देहाचे व्यापार मात्र जलद चाललेले असतात, म्हणजे त्याची गरज मोठी असते आणि नेमका तेव्हाच पुरवठा निम्मा असतो. शिवाय तो भुकेला असतो, धावतो, गळाला लागतो. ज्याला सुरुंगाची दारू मिळते तो कायदा मोडून डोहात बारही उडवितो, आणि त्यात लहान-मोठे सारेच मासे मरतात. हिवाळ्यातील गर्दीने माणसाची टोपली रिकामी राहते. उन्हाळ्यातील गर्दीने डोह रिकामा होतो.

या डोहांचा राजा महसीर. निमाडात त्याला बाडस म्हणतात. अंगावर मोठमोठे खवले, जाड मांसल ओठ आणि ओठांजवळ मिशांच्या दोन जोड्या, अशी त्याची खूण आहे. त्याला वाहते, स्वच्छ, खडकाळ पाणी लागते. पावसाळ्यात पूर आला की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोटे-वाळूच्या तळावर अंडी घालतो. त्याची वाढ सावकाश होते, त्यामुळे एक मोठा मासा गेला तर त्याची जागा एका वर्षात भरून निघत नाही. १९६० च्या सुमारास केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी होशंगाबाद, म्हणजे आताचे नर्मदापुरम, येथे नर्मदेतील माशांचा अभ्यास केला होता. त्या काळी तेथील एकंदर पकडीत चौथा हिस्सा तरी या एका माशाचा भरत असे. पुढच्या दशकांत हा वाटा सतत घसरत गेला. २०११ साली मध्य प्रदेश शासनाने महसीरला राज्याचा मासा म्हणून मान दिला. मान मिळाला तेव्हा मासा दुर्मिळ झालेला होता, ही गोष्ट थोडी चमत्कारिक आहे खरी.

तो का घटला? गर्दीची मासेमारी हे एक कारण वर आलेच आहे. यंत्रांनी वाळू उपसल्यामुळे अंडी घालण्याचा तळच नाहीसा होतो, हे दुसरे. पण सर्वांत मोठे कारण असे की, वाहत्या पाण्याच्या या माशाला वाहते पाणी उरलेले नाही. १९९० मध्ये जबलपूरजवळील बरगी धरण पुरे झाले. त्यानंतर पुनासा येथील इंदिरा सागर आले. साठ्याच्या मानाने ते भारतातील सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक आहे. २००७ च्या सुमारास त्याच्या खाली ओंकारेश्वर धरण उभे राहिले, आणि दोहोंच्या मधला देवासकडचा काठ जलाशयाचा काठ झाला. ज्या धावडी कुंडाच्या खळाळात दगड घोटून घोटून बाणलिंगे तयार होत, ते कुंड त्या संथ पाण्याखाली गेले. धार जिल्ह्यात वरून नव्हे तर खालून पाणी चढले. गुजरातमधील सरदार सरोवराची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी बसविली गेली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा कुक्षी भागातील चिखलदा व निसरपूर यांसारखी गावे पाण्याने वेढली. त्या गावांतील माणसांची कथा मोठी आहे आणि ती स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. येथे केवळ माशापुरते बोलतो.

संथ जलाशयात मासा नसतो असे नव्हे. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली त्यात सोडतात व ती चांगली वाढतात. बाजारात मासा दिसतो, त्यामुळे नदीला काही झाले नाही असा समज होतो. घाटावर भाविकांनी टाकलेल्या पिठाच्या गोळ्या खावयास धीट मासे झुंडीने येतात, ते पाहूनही तसेच वाटते. महसीर मात्र अशा पाण्यात अंडी घालत नाही, आणि वर चढावे तर भिंत आडवी येते. रेड नदीवरील वॉलआयची वाट बंधारा अडवितो. पण त्याला मागे फिरून जाण्यास सबंध सरोवर मोकळे आहे. बाडसाला वरही धरण आणि खालीही धरण.

धरणाखालच्या पाण्याची आणखी एक गोष्ट आहे, ती माणसांनाही लागू आहे. पूर्वी नदी ऋतूप्रमाणे वाढे व ओसरे. वीजघर सुरू झाले म्हणजे ती विजेच्या मागणीप्रमाणे वाढते व ओसरते. दुपारी कोरडा असलेला खडक संध्याकाळी पाण्याखाली असतो. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यातील धाराजी येथे भूतडी अमावास्येच्या मेळ्यासाठी फार मोठा जनसमुदाय नदीच्या पात्रात व काठावर उतरला होता. वरच्या बाजूस इंदिरा सागर धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले गेले. मेळा भरला आहे ही बातमी वेळेवर वर पोहोचली नाही आणि पाणी येत आहे ही बातमी खाली आली नाही. साठांहून अधिक माणसे त्या रात्री वाहून गेली. बर्फावर उभ्या असलेल्या माणसाला खालून कोरला जाणारा बर्फ दिसत नाही, तसाच चैत्राच्या तोंडी कोरड्या खडकावर निजलेल्या यात्रेकरूला कित्येक कोसांवरचा दरवाजा दिसत नाही. मेळा वर्षातून एकदा भरतो. खडकांच्या बेचक्यांत घातलेली अंडी कधी उघडी पडावयाची आणि कधी वाहून जावयाची, हे मात्र तेथे सबंध हंगामभर चालते.

मग थांबून काही उपयोग नाही, तर मासा वाढवून नदीत सोडावा, असे कोणासही सुचेल. या कामी महाराष्ट्रात एक मोठा प्रयत्न झाला आहे. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीचे जलाशय आहेत. तेथे १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनच्या नद्यांतील महसीरची मादी व नर धरून, हाताने हलकेच पोट दाबून अंडी काढून त्यांचे फलन करण्याची पद्धत बसविली. पुढे एस. एन. ओगले यांनी ते काम वाढविले आणि तेथून लक्षावधी पिले देशातील अनेक नद्यांत गेली. हे कौतुकास्पद आहे यात शंका नाही. परंतु कावेरी नदीत त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. त्या नदीचा स्वतःचा असा कुबडाचा महसीर होता, तो जगात दुसरीकडे नाही. लोणावळ्याहून आलेल्या पाहुण्या जातीने तेथे इतके बस्तान बसविले की मूळ कुबडा महसीर दिसेनासा होऊ लागला, आणि २०१८ मध्ये तो अतिशय संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत गेला. महसीर म्हणजे कोणताही महसीर नव्हे. नर्मदेत सोडावयाचा तर नर्मदेचाच बाडस वाढविला पाहिजे. ओंकारेश्वराच्या खाली बडवाह येथील वनविभागाने अलीकडच्या काळात तसा प्रयत्न हाती घेतला असून, साध्या तळ्यात तो अंडी घालीत नाही म्हणून खेळत्या पाण्याचे कृत्रिम ओढे तयार करावे लागले. आम्हांला यातील ओढ्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. माशाला वाढविण्यासाठी प्रथम नदीचा लहानसा नमुना करावा लागला.

खरे ओढे अजून थोडे उरले आहेत. देवासकडून दतूनी व जामनेर, धारकडून मान व उरी अशा लहान नद्या नर्मदेला मिळतात. त्यांपैकी काहींवर बंधारे झाले आहेत, काहींचे पाणी रब्बीच्या पंपांनी मार्गशीर्षातच आटते. तरी भर पावसाळ्यात त्या वाहत असतात, आणि जलाशयातून वर जाऊ पाहणाऱ्या माशाला तेवढीच वाट मोकळी असते. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हे दोन महिने नदीत मासे धरण्यास बंदी आहे, ती याचसाठी. नेमक्या याच दिवसांत ओढ्याच्या मुखाशी जाळे लावणे अगदी सोपे असते. पाणी गुडघाभर, मासा पोटात अंडी घेऊन चढत असलेला, आणि वाट एकच. हे सोपे काम करणारा थोडे मासे नेतो असे दिसते, पण वास्तविक तो पुढच्या काही वर्षांचे मासे एका रात्रीत नेत असतो.

बंदीचा काळ सोडून गळ टाकणाऱ्या आमच्या तरुण वाचकांसाठी शेवटी थोडी व्यवहाराची माहिती देतो. गळाला लागलेल्या माशाचे खवले मोठे, ओठ जाड आणि मिशा चार असतील, तर तो बाडस असण्याचा संभव आहे. त्याला कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरू नये. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग त्याला रोग जडतो. हात ओले करून, शक्य तो पाण्यातच ठेवून गळ काढावा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकलेला असेल, तर तो क्षणात निघतो. नंतर माशाला पोटाखालून आधार देऊन, त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवावे, म्हणजे कल्ल्यांतून पाणी खेळू लागते. उन्हाळ्यात त्याला सावरण्यास थंडीतल्यापेक्षा अधिक वेळ लागतो. तो आपण होऊन शेपटी मारून निघेपर्यंत हात सोडू नये. जलाशयात प्रवाह नसतो. तेथे काठाच्या उथळ, तापलेल्या पाण्यात त्याला न सोडता नावेतून खोल पाण्यावर नेऊन सोडावे.